आमदार, मंत्री, न्यायमूर्ती : व्ही. आर. कृष्ण अय्यर

वैद्यनाथपुरम राम कृष्ण अय्यर १९५२ साली मद्रास विधानसभेवर निवडून आले, १९५७ साली केरळच्या पहिल्या मंत्रिमंडळात मंत्री झाले, १९६८ साली केरळ उच्च न्यायालयाचे आणि १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. मतदारांपुढे हात जोडलेला, फायलींवर सह्या केलेला आणि थोडे दिवस का होईना तुरुंग भोगलेला माणूस देशाच्या सर्वोच्च न्यायासनावर बसावा, हे भारतात क्वचितच घडले आहे. त्यांच्या निकालपत्रांत अंधारकोठडीतला कैदी, जामीनदार न मिळालेला गवंडी, बेड्या घालून कोर्टात आणलेला आरोपी, उघड्या गटाराकाठी राहणारा रहिवासी अशी माणसे वारंवार भेटतात. ही माणसे त्यांना न्यायाधीश झाल्यावर प्रथम दिसली नव्हती.

न्यायालयाच्या नोंदीनुसार त्यांचा जन्म १५ नोव्हेंबर १९१५ रोजी पालक्काडजवळच्या वैद्यनाथपुरम या गावी झाला. घराणे पालक्काडच्या तमिळ ब्राह्मणांचे. वडील व्ही. व्ही. राम अय्यर कोळिकोडच्या उत्तरेला असलेल्या कोयिलांडी येथे फौजदारी वकिली करत. हा सगळा मुलूख तेव्हा मद्रास इलाख्याच्या मलबार जिल्ह्यात होता. पालक्काडच्या व्हिक्टोरिया कॉलेजातून अण्णामलाई विद्यापीठात आणि तिथून मद्रासच्या लॉ कॉलेजात असे शिक्षण पुरे करून कृष्ण अय्यर १९३० च्या दशकाच्या अखेरीस तलश्शेरीला वकिली करू लागले.

तलश्शेरी हे इंग्रज अमदानीच्या आरंभापासून कोर्टकचेऱ्यांचे गाव होते. मलबारची जमीन ‘जन्मी’ म्हणवल्या जाणाऱ्या मोठ्या जमीनदारांच्या हाती होती. खाली कुळे, त्यांच्याखाली पोटकुळे, सर्वांत तळाशी भूमिहीन मजूर. कुळाला जमिनीवरून हुसकावण्याचे दावे हे तिथल्या दिवाणी वकिलीचे नित्याचे काम होते. कुळे आणि कामगार संघटित होऊ लागले तशी फौजदारी खटल्यांचीही भर पडली. दंगा, बेकायदा जमाव, पोलिसांवर हल्ला अशा आरोपांखाली शेतकरी कार्यकर्ते कोर्टात उभे राहत, आणि त्यांची वकीलपत्रे घेणाऱ्या मोजक्या वकिलांत कृष्ण अय्यर होते. १९४८ साली कम्युनिस्टांविरुद्ध सरकारी कारवाई तीव्र झाली. पोलीस कोठडीतल्या मारहाणीविरुद्ध आवाज उठवणाऱ्या या वकिलालाही कम्युनिस्टांना मदत केल्याच्या आरोपावरून सुमारे महिनाभर तुरुंगात ठेवण्यात आले. अशिलांना भेटायला जाणाऱ्या माणसाने तुरुंग आतून पाहिला. तीस वर्षांनंतर कैद्यांच्या हक्कांवर त्यांनी जे लिहिले, त्यामागे हा महिना उभा आहे.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते कूत्तुपरंबा मतदारसंघातून अपक्ष म्हणून मद्रास विधानसभेवर गेले. मद्रासमध्ये तेव्हा चक्रवर्ती राजगोपालाचारी मुख्यमंत्री होते आणि विरोधी बाके भरलेली होती. कृष्ण अय्यर विरोधी बाकांवर बसले. नोव्हेंबर १९५६ मध्ये भाषावार प्रांतरचनेनुसार मलबार मद्रासपासून तुटून नव्या केरळ राज्यात गेला, आणि त्याबरोबर तिथले राजकारणही बदलले.

मार्च १९५७ मध्ये केरळ विधानसभेची पहिली निवडणूक झाली. १२६ जागांपैकी ६० कम्युनिस्ट पक्षाने जिंकल्या आणि त्याच्या पाठिंब्यावर निवडून आलेल्या ५ अपक्षांसह बहुमत मिळवले. या अपक्षांत तलश्शेरीचे कृष्ण अय्यर होते. ५ एप्रिल रोजी ई. एम. एस. नंबूदिरिपाद यांच्या अकरा जणांच्या मंत्रिमंडळाने शपथ घेतली. पक्षाचे सभासद नसलेल्या मोजक्या मंत्र्यांत कृष्ण अय्यर एक होते. सव्वादोन वर्षांच्या कारकिर्दीत कायदा, गृह, तुरुंग, वीज, पाटबंधारे, समाजकल्याण अशी खाती, काही एकत्र तर काही आळीपाळीने, त्यांनी सांभाळली.

हे सरकार आल्या आल्या, शपथविधीनंतर आठवड्याच्या आत, कुळांना जमिनीवरून काढण्याची प्रकरणे थांबवणारा वटहुकूम निघाला. जमीन सुधारणा विधेयक महसूलमंत्री के. आर. गौरी यांनी मांडले आणि शिक्षण विधेयक जोसेफ मुंडश्शेरी यांनी. मात्र दोन्ही कायद्याच्या चौकटीत बसवण्याचा भार कायदामंत्र्यावर होता. शिक्षण विधेयक राष्ट्रपतींनी सल्ल्यासाठी सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवले आणि मे १९५८ मध्ये न्यायालयाने त्यातील काही तरतुदी अल्पसंख्याकांच्या हक्कांशी विसंगत ठरवल्या. लोकांनी निवडलेल्या विधानसभेचा कायदा न्यायाधीश कसा तपासतात, हे कृष्ण अय्यरांनी प्रथम मंत्री म्हणून अनुभवले.

त्यांच्या स्वतःच्या खात्यांत तुरुंगाचे काम सर्वांत महत्त्वाचे ठरले. कैद्याला माणूस म्हणून वागवावे, त्याच्या कामाला मोबदला द्यावा, सुटल्यावर त्याला समाजात जागा मिळावी, हे धोरण त्यांनी धरले. गरिबाला सरकारी खर्चाने वकील मिळावा यासाठी केरळने याच काळात नियम केले. त्या वेळी देशातल्या फार थोड्या राज्यांत असे काही होते. मालक आणि कामगार यांच्या वादात पोलिसांनी मालकाच्या बाजूने उतरू नये, हे सरकारचे जाहीर धोरण होते. हे धोरण पेलणे सोपे गेले नाही. विरोधकांनी त्याला कायदा-सुव्यवस्थेचा ऱ्हास म्हटले, आणि सरकारविरोधी ‘विमोचन समरम’ (मुक्तिलढा) पेटल्यावर जून १९५९ मध्ये अंगमाली येथे याच सरकारच्या पोलिसांनी गोळीबार करून माणसे मारली. पोलिसांना आवर घालण्याची इच्छा आणि पोलिसांशिवाय न चालणारा कारभार यांतला ताण कृष्ण अय्यरांनी जवळून पाहिला होता. पुढे पोलीस आणि तुरुंगाधिकाऱ्यांबद्दल लिहिताना त्यांची भाषा कठोर होते, पण ती अज्ञानातून आलेली नाही.

३१ जुलै १९५९ रोजी केंद्राने राज्यपालांच्या अहवालावरून नंबूदिरिपाद सरकार बडतर्फ केले. कृष्ण अय्यर वकिलीकडे परतले. १९६० च्या निवडणुकीत तलश्शेरीत ते अगदी मोजक्या मतांनी पडले. त्यांनी निवडणूक याचिका केली, मतांची फेरतपासणी झाली आणि जागा त्यांच्याकडे आली. निवडणूक याचिका म्हणजे काय, एका-एका मतपत्रिकेवर किती अवलंबून असते, हे त्यांनी उमेदवार म्हणून सोसले होते. १९६५ च्या निवडणुकीत मात्र ते हरले, आणि तिथे त्यांचे विधानसभेतले आयुष्य संपले. यानंतर एर्नाकुळमच्या उच्च न्यायालयात त्यांची वकिली जोमात चालू राहिली.

जुलै १९६८ मध्ये त्यांची केरळ उच्च न्यायालयावर नेमणूक झाली. कायदेमंडळातून न्यायासनाकडे जाणारी ही वाट देशात अगदी नवी नव्हती. मुंबईत काशिनाथ त्रिंबक तेलंग प्रांतिक कायदेमंडळाचे सभासद होते आणि १८८९ साली उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १८९३ साली ते वारल्यावर त्यांच्या जागी, स्वतःही कायदेमंडळात बसलेले महादेव गोविंद रानडे उच्च न्यायालयात आले. पण तेलंग आणि रानडे सरकारनियुक्त सभासद होते. ते कोणत्याही मतदारसंघातून निवडून आलेले नव्हते आणि मंत्रीही नव्हते. स्वातंत्र्यानंतर कर्नाटकाचे के. एस. हेगडे राज्यसभेतून म्हैसूर उच्च न्यायालयात व पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. परंतु राज्यसभेचा सभासद असणे आणि नऊ वर्षांपूर्वी बडतर्फ झालेल्या, देशभर वादग्रस्त ठरलेल्या मंत्रिमंडळात कायदा व तुरुंग खाती सांभाळणे यांत मोठा फरक होता.

१९७१ मध्ये कृष्ण अय्यर केंद्रीय विधी आयोगाचे सदस्य झाले. आयोगाचे अध्यक्ष माजी सरन्यायाधीश प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर होते, म्हणजे साताऱ्याचे, मुंबईत नावारूपाला आलेले आणि कामगार कायद्यातले अधिकारी पुरुष. याच काळात गरिबांना कायदेशीर मदत देण्याच्या प्रश्नावर सरकारने नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद कृष्ण अय्यरांकडे आले आणि १९७३ साली समितीने अहवाल दिला. वकिलाची फी परवडत नाही म्हणून माणूस न्यायाला मुकत असेल तर ती राज्यघटनेची फसवणूक आहे, ही त्यामागची भूमिका होती. केरळात मंत्री म्हणून जे अंशतः केले ते देशभर कसे करता येईल, याचा आराखडा या अहवालात होता.

१७ जुलै १९७३ रोजी ते सर्वोच्च न्यायालयात आले, ती वेळ फार वाईट होती. २४ एप्रिल रोजी संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा घालणारा केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागला होता, आणि लगेच दुसऱ्या दिवशी सरकारने तीन ज्येष्ठ न्यायाधीशांना डावलून ए. एन. राय यांना सरन्यायाधीश केल्याचे जाहीर केले होते. डावललेल्या तिघांत के. एस. हेगडेही होते. न्यायाधीशाची सामाजिक-राजकीय विचारसरणी पाहून नेमणूक करावी, असे सरकारच्या बाजूने उघडपणे मांडले जात होते. अशा वेळी डाव्या सरकारातला माजी मंत्री दिल्लीच्या न्यायासनावर येतो, याचा सरळ अर्थ ‘सरकारचा माणूस आला’ असा लावला गेला. मुंबईच्या वकीलवर्गातून जोरदार विरोध झाला आणि त्यात सोली सोराबजी यांच्यासारखे विधिज्ञ होते. पुढे सोराबजींनी त्या वेळचा आपला अंदाज चुकला होता, हे मोकळेपणाने मान्य केले. त्या दिवसांत मात्र आक्षेप निराधार म्हणता येत नव्हता. न्यायाधीशाची निष्ठा निकालांतूनच कळते, आणि निकाल यायचे होते.

पहिली मोठी खूण शमशेर सिंग खटल्यात मिळाली. पंजाबातील न्यायिक अधिकाऱ्यांच्या बडतर्फीवरून सात न्यायाधीशांपुढे प्रश्न आला की राज्यपालाने स्वतःच्या मताने निर्णय घ्यायचा की मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. ऑगस्ट १९७४ च्या निकालात न्यायालयाने मंत्रिमंडळाचा सल्ला बंधनकारक ठरवला. कृष्ण अय्यरांनी न्या. पी. एन. भगवती यांच्यासह स्वतंत्र निकालपत्र लिहून राष्ट्रपती व राज्यपाल यांच्या अधिकारांची मर्यादा सविस्तर आखली. राज्यपालाच्या अहवालावरून बरखास्त झालेल्या मंत्रिमंडळात बसलेल्या माणसाने हे लिहावे, यात त्याच्या अनुभवाचा हात नक्कीच होता. त्याच वर्षी त्यांच्या पत्नी शारदा यांचे हृदयशस्त्रक्रियेनंतर अमेरिकेत निधन झाले. हा आघात त्यांना आयुष्यभर पुरला.

त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत कठीण परीक्षा जून १९७५ मध्ये आली. १२ जून रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्या. जगमोहनलाल सिन्हा यांनी पंतप्रधान इंदिरा गांधी यांची रायबरेलीतली निवड रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाला उन्हाळी सुट्टी होती आणि सुट्टीतले न्यायाधीश म्हणून कृष्ण अय्यर एकटेच बसत होते. केंद्रीय कायदामंत्री हरि रामचंद्र गोखले यांनी त्यांना फोन करून भेटायची इच्छा व्यक्त केली. गोखले स्वतः पूर्वी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. ते न्यायासनावरून राजकारणात गेले होते, तर कृष्ण अय्यर राजकारणातून न्यायासनावर आले होते. कृष्ण अय्यरांनी भेट नाकारली आणि अपील रीतसर निबंधकांकडे दाखल करायला सांगितले. एका वाक्यात संपलेला हा संवाद भारतीय न्यायव्यवस्थेच्या इतिहासात जपून ठेवावा असा आहे.

२३ जूनला सुनावणी झाली. इंदिरा गांधींच्या बाजूने नानी पालखीवाला आणि निवडणुकीतले त्यांचे प्रतिस्पर्धी राजनारायण यांच्या बाजूने शांतिभूषण उभे होते. पालखीवालांनी बिनशर्त स्थगिती मागितली. २४ जूनचा आदेश सशर्त होता. अपिलाचा निकाल लागेपर्यंत पंतप्रधानपदी राहता येईल, सभागृहात बसता आणि बोलता येईल, पण लोकसभेत खासदार म्हणून मत देता येणार नाही आणि खासदाराचे वेतनही घेता येणार नाही. निवडणूक रद्द झालेल्या कोणत्याही खासदाराला अपिलात सर्वसाधारणपणे मिळते तेवढेच पंतप्रधानांना मिळाले. पूर्ण स्थगिती दिली असती तर वादळ शमले असते, असे काहींचे म्हणणे होते. स्थगितीच नाकारायला हवी होती, असे दुसऱ्या बाजूचे. पण त्या आदेशाचे मर्म वेगळे आहे. ज्यांच्या सरकारने त्यांची नेमणूक केली त्यांच्याच प्रकरणात त्यांनी पदाला वेगळा कायदा लावला नाही, आणि दोन वर्षांपूर्वीचा आक्षेप तिथेच गळून पडला. २५ जूनच्या रात्री आणीबाणी लागू झाली. पालखीवालांनी इंदिरा गांधींचे वकीलपत्र सोडले.

निवडणुकांच्या कायद्यात त्यांनी आणखी एक टिकाऊ निकाल दिला. १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत पंजाबातील फिरोजपूर मतदारसंघातले मतदान रद्द करून निवडणूक आयोगाने संपूर्ण मतदारसंघात फेरमतदानाचा आदेश दिला. मोहिंदर सिंग गिल खटल्यात घटनापीठासाठी लिहिताना कृष्ण अय्यरांनी आयोगाचे व्यापक अधिकार मान्य केले. त्याच वेळी असे बजावले की सरकारी आदेश देताना जी कारणे दिली असतील त्यांवरच तो आदेश टिकला किंवा पडला पाहिजे, मागाहून प्रतिज्ञापत्रात नवी कारणे जोडून तो वाचवता येणार नाही. प्रशासनाविरुद्धच्या खटल्यांत हे तत्त्व आजही रोज उद्धृत होते.

आणीबाणी उठल्यानंतरची तीन वर्षे, १९७८ ते १९८०, त्यांच्या कामाचा सर्वांत समृद्ध काळ. मनेका गांधी खटल्यात जानेवारी १९७८ मध्ये न्यायालयाने व्यक्तिस्वातंत्र्य हिरावणारी प्रक्रिया न्याय्य व वाजवी असली पाहिजे, असे ठरवले. कृष्ण अय्यर या निकालाशी सहमत होते. हे तत्त्व तुरुंगाच्या दारापर्यंत आणि त्याच्या आत नेण्याचे श्रेय मात्र प्रामुख्याने त्यांचे आहे. ऑगस्ट १९७८ च्या सुनील बात्रा निकालात तिहार तुरुंगातला फाशीची शिक्षा झालेला कैदी शिक्षा अंतिम होण्याआधीच एकांत कोठडीत ठेवलेला होता. त्याच निकालात चार्ल्स शोभराजच्या पायांतल्या, दिवसरात्र न काढल्या जाणाऱ्या दांडाबेडीचाही प्रश्न होता. तुरुंगाचा कायदा १८९४ सालचा होता. शिक्षा झाली म्हणून मूलभूत हक्क तुरुंगाच्या फाटकावर काढून ठेवावे लागत नाहीत, असे न्यायालयाने स्पष्ट केले. पुढे त्याच बात्राने दुसऱ्या एका कैद्याला तुरुंगरक्षकाने केलेल्या अमानुष छळाबद्दल न्यायाधीशांना पत्र लिहिले, आणि कृष्ण अय्यरांच्या खंडपीठाने ते पत्र याचिका म्हणून घेऊन डिसेंबर १९७९ मध्ये निकाल दिला. न्यायालयाला पाठवलेले साधे पत्र याचिका ठरू शकते, ही जनहित याचिकेची एक पायाभूत कल्पना इथे प्रत्यक्षात आली.

महाराष्ट्राशी या कामाचा थेट संबंध होस्कॉट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या ऑगस्ट १९७८ च्या निकालाने येतो. उच्च न्यायालयाने शिक्षा वाढवली होती, पण निकालाची प्रत कैद्यापर्यंत पोहोचलीच नव्हती, आणि अपिलाची मुदत उलटून वर्षे गेली होती. कृष्ण अय्यरांनी ठरवले की कैद्याला निकालाची प्रत विनामूल्य आणि वेळेत मिळाली पाहिजे, आणि ज्याला वकील लावणे शक्य नाही त्याला अपिलासाठी सरकारी खर्चाने वकील मिळाला पाहिजे. १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने कायदेशीर मदतीचे कलम ३९-अ मार्गदर्शक तत्त्वांत आले होते. या निकालाने ते कैद्याच्या हक्कात उतरवले. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ साली झाला व १९९५ मध्ये लागू झाला. त्यामागे १९७३ चा अहवाल, भगवतींबरोबर १९७७ साली दिलेला दुसरा अहवाल आणि हे निकाल अशी लांब साखळी आहे. आज तालुका पातळीपर्यंत विधी सेवा समित्या आहेत, त्यांची मुळे शोधत मागे गेले तर १९५७ च्या केरळात पोहोचावे लागते.

मुंबईची आणखी दोन प्रकरणे लक्षात ठेवण्याजोगी आहेत. १९७६ च्या मुंबई कामगार सभा निकालात लोखंडी सामानाच्या छोट्या छोट्या दुकानांतल्या नोकरांच्या बोनसचा वाद होता. वेगवेगळ्या मालकांकडे विखुरलेल्या कामगारांच्या वतीने संघटनेने आलेले चालेल का, हा तांत्रिक आक्षेप कृष्ण अय्यरांनी बाजूला सारला आणि प्रक्रियेच्या खुंट्यांवर गरिबाचा हक्क टांगून ठेवता येणार नाही, या वृत्तीने दाद मागण्याचा अधिकार रुंद केला. दाभोळकर खटल्यात मुंबईच्या फौजदारी न्यायालयांच्या दारात अशील गाठण्यासाठी धक्काबुक्की करणाऱ्या वकिलांवरील शिस्तभंगाचा प्रश्न होता. वकिली हा लोकसेवेचा व्यवसाय आहे, बाजार नव्हे, हे त्यांनी तिथे कडक शब्दांत सांगितले. तलश्शेरीतल्या गरीब कुळांची वकीलपत्रे घेतलेल्या माणसाला हे सांगण्याचा अधिकार होता.

मोतीराम खटला छोटा, पण या न्यायाधीशाची नजर दाखवणारा. मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याला सर्वोच्च न्यायालयाने जामीन मंजूर केला. खाली दंडाधिकाऱ्याने दहा हजार रुपयांचा जामीनदार मागितला, आणि गवंड्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला जामीन राहू दिले नाही. १९७८ च्या निकालात कृष्ण अय्यरांनी हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याला सोडले. जामीन ही श्रीमंताची सवलत होऊ नये, आणि आपल्याच देशात दुसऱ्या जिल्ह्यातला माणूस परका धरला जाऊ नये, हे त्यांनी दंडाधिकाऱ्यांना ऐकवले. हा निकाल आज पंचेचाळीसहून अधिक वर्षांनंतरही लागू आहे, आणि तरीही जामीनदाराअभावी तुरुंगात पडून राहिलेली माणसे देशात आहेत. निकालाचा दोष नाही, अंमलबजावणीचा आहे.

याच ओळीत इतर निकाल बसतात. नंदिनी सत्पथी निकालात ओडिशाच्या माजी मुख्यमंत्र्यांच्या निमित्ताने पोलिसांपुढे मौन राखण्याचा हक्क स्पष्ट झाला. सी. बी. मुथम्मा या परराष्ट्र सेवेतील पहिल्या महिला अधिकाऱ्यांच्या याचिकेवर १९७९ मध्ये, विवाहासाठी सरकारची परवानगी मागायला लावणारे नियम लिंगभेदी असल्याचे त्यांनी नोंदवले. १९८० च्या जॉली जॉर्ज निकालात कर्ज फेडता येत नाही एवढ्याच कारणावरून कर्जदाराला तुरुंगात टाकता येणार नाही, असे ठरले. त्याच वर्षी प्रेमशंकर शुक्ला खटल्यात आरोपीला सरसकट बेड्या घालण्याची पद्धत घटनाबाह्य ठरवली गेली. जुलै १९८० चा रतलाम नगरपालिकेचा निकाल पर्यावरणविषयक खटल्यांचा आरंभबिंदू मानला जातो. एका रस्त्यावरचे रहिवासी उघडी गटारे, दारूच्या कारखान्याचे सांडपाणी आणि शौचालयांच्या अभावाने त्रासले होते. पैसे नाहीत ही नगरपालिकेची सबब त्यांनी फेटाळली आणि फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या सार्वजनिक उपद्रवाच्या जुन्या कलमाखाली ठराविक मुदतीत काम करण्याचा आदेश दिला.

सर्वच ठिकाणी त्यांचे म्हणणे टिकले असे नाही. १९७४ मध्ये ईडिगा अनम्मा खटल्यात आणि १९७९ मध्ये राजेंद्र प्रसाद खटल्यात त्यांनी फाशीची शिक्षा शक्य तितकी अरुंद करण्याचा प्रयत्न केला. फाशी कोणाला द्यायची याचा निकष गुन्ह्याच्या भीषणतेपेक्षा समाजाला त्या माणसाकडून पुढे असलेला धोका हा असावा, असे त्यांचे मत होते. १९८० च्या बच्चन सिंग निकालात घटनापीठाने ते मान्य केले नाही आणि ‘दुर्मिळातील दुर्मीळ’ हा निकष घातला. १९७८ च्या बंगळूर पाणीपुरवठा मंडळाच्या निकालात सात न्यायाधीशांपैकी बहुमताच्या वतीने त्यांनी ‘उद्योग’ या संज्ञेची व्याख्या इतकी रुंद केली की रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि धर्मादाय संस्थाही कामगार कायद्याच्या कक्षेत आल्या. कामगारांना त्याने मोठे संरक्षण दिले. पण नोकरदारीच्या सर्व संबंधांना एकच मोजपट्टी लावण्याचा आग्रह फार ताणला गेला, आणि त्यावरचा वाद पुढची अनेक दशके मिटला नाही. संसदेने १९८२ साली व्याख्या बदलली, पण ती दुरुस्ती लागू करण्याचे धैर्य कोणत्याही सरकारला झाले नाही.

त्यांच्या निकालपत्रांची इंग्रजी हा स्वतंत्र विषय आहे. लांबलचक वाक्ये, अनुप्रास, दुर्मीळ शब्द, वेद-उपनिषदांपासून मार्क्स-गांधींपर्यंतचे दाखले. खालच्या न्यायालयातल्या न्यायाधीशाला त्यातून नेमका आदेश शोधून काढणे जड जाई, ही तक्रार रास्त आहे. १९७७ च्या एका निकालात कैद्याच्या सुधारणेसाठी त्यांनी ध्यानधारणेची शिफारस केली, तेव्हा काहींना ते अतिउत्साहाचे वाटले. पण या भाषेने एक काम केले. गरिबाचे दुःख न्यायालयाच्या अधिकृत नोंदीत आले, आणि ते कोरड्या कलमांच्या भाषेत दबून गेले नाही.

१४ नोव्हेंबर १९८० रोजी ते निवृत्त झाले. त्याच दिवशी अनुसूचित जाती-जमातींना रेल्वेतील बढत्यांत मिळणाऱ्या आरक्षणाला उचलून धरणारा निकाल त्यांनी दिला. आरक्षणाच्या प्रश्नावर त्यांची भूमिका १९७५ च्या एन. एम. थॉमस खटल्यापासून स्पष्ट होती. समतेसाठी आरक्षण आवश्यक आहे, पण मागास वर्गांतला वरचा ‘क्रीमी’ थर सगळे लाभ लाटून नेतो ही भीतीही त्यांनी तिथेच नोंदवली होती, आणि हा शब्द पुढे देशाच्या राजकारणात कायमचा रुजला.

निवृत्तीनंतर ते कोचीतल्या ‘सद्गमय’ या घरी राहिले. घराचे दार सतत उघडे असे, आणि तक्रार घेऊन येणाऱ्यांची रीघ लागलेली असे. १९८७ मध्ये महिला कैद्यांवरील राष्ट्रीय तज्ज्ञ समितीचा अहवाल त्यांच्या अध्यक्षतेखाली तयार झाला. त्याच वर्षी विरोधी पक्षांनी त्यांना राष्ट्रपतिपदासाठी उभे केले. आर. व्यंकटरामन यांच्या ७,४०,१४८ मतमूल्यांसमोर त्यांना २,८१,५५० मिळाली. १९९९ साली पद्मविभूषण मिळाले. २००२ च्या गुजरात दंगलींनंतर नेमलेल्या नागरी न्यायाधिकरणाचे ते अध्यक्ष होते, आणि त्यांच्यासोबत माजी न्यायमूर्ती पी. बी. सावंत व होस्बेट सुरेश हे मुंबईचे न्यायाधीश होते. २०१३ साली त्यांनी नरेंद्र मोदी यांच्या पंतप्रधानपदाच्या उमेदवारीला जाहीर पाठिंबा दिला, तेव्हा त्यांचे अनेक चाहते चकित झाले. २०११ साली त्यांच्या अध्यक्षतेखालील केरळच्या आयोगाने दोनपेक्षा अधिक अपत्ये असलेल्या पालकांसाठी दंडाची तरतूद सुचवली. व्यक्तिस्वातंत्र्यावर एवढे लिहिलेल्या न्यायमूर्तींकडून अशी सूचना येणे विसंगत होते, आणि तिला झालेला विरोध योग्यच होता.

वृद्धापकाळातही त्यांचे लेखन थांबले नाही. ‘वाँडरिंग इन मेनी वर्ल्ड्स’ हे आत्मचरित्र २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ४ डिसेंबर २०१४ रोजी कोचीत त्यांचे निधन झाले आणि शासकीय इतमामात अंत्यसंस्कार करण्यात आले.